वहिनींचं थांबायचं पान

रेवदंड्याच्या कोटात समुद्राच्या अंगाला ज्या वाड्या आहेत, त्यांतल्या अगदी शेवटच्या वाडीत गोदावरीवहिनींचं घर आहे. घरामागे पोफळी, पोफळींमागे केवड्याचं बन आणि बनापलीकडे वाळू. भरती आली की पाण्याचा आवाज माजघरापर्यंत येतो. आम्हा इथल्या माणसांना तो ऐकू येत नाही, कारण तो कधी थांबलेलाच नाही. वहिनींना तो अजून ऐकू येतो. सगळं आयुष्य इथे काढूनही त्या एखाद्या पाहुण्यासारख्या मध्येच मान वळवतात आणि ऐकत राहतात.

त्या मूळच्या दिवेआगरच्या. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. नवरा महादेव मुंबईला एका कापडाच्या पेढीवर कारकून होता. सुट्टी मिळाली की बोटीने रेवसला उतरायचा आणि तिथून पुढे गाडीने, चालत, जमेल तसा घरी यायचा. त्याने बायकोला वाचायला शिकवलं. पाटी नव्हती. पोफळीची झावळी गळून पडली की तिचा रुंद, गुळगुळीत देठ तो कापून आणी आणि त्यावर कोळशाने अक्षरं काढी. सासूबाई अनुसूयाबाई म्हणत, "शीक हो, शीक. उद्या सुपारी तुझ्याकडे बघून आपण होऊन सोलून पडेल." पण बोलताना हसत. मुलगा घरात असला की त्या सगळ्यालाच हसत.

एका खेपेला महादेवाने एक पुस्तक आणलं. मुंबईत रद्दीच्या ढिगात त्याला मिळालं होतं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, त्यामुळे त्याचं नाव काय आणि लिहिणारा कोण, हे कुणालाच कधी कळलं नाही. मागच्या शतकातली कादंबरी होती एवढं नक्की. शब्दांच्या डोक्यावर टिंबंच टिंबं, आणि वाक्यं अशी लांबलचक की वाचणाऱ्याला मध्ये पाणी प्यावं लागे. कांचनगौरी नावाची एक सावकाराची सून. तिचा नवरा जयध्वज गलबत घेऊन व्यापाराला गेला आणि वादळात सापडला. दिवाण लबाड. तो रोज येऊन सांगतो, तुझा नवरा बुडाला, मी डोळ्यांनी पाहिलं. ती मानत नाही. समुद्राकाठच्या हवेलीत ती एकटी राहते, दारी येणाऱ्या गोसाव्यांना, गोरगरिबांना भिक्षा घालते आणि वाट बघते. त्या काळच्या कादंबऱ्या अशाच असत.

महादेव ती मोठ्याने वाची. दुपारी, ओटीवर, झोपाळ्यावर पाय सोडून. फाल्गुन-चैत्रात आमच्याकडे वाळलेली सुपारी सोलायला बायका बसतात. तेव्हाही बसत. तो आला असेल तर त्यांनाही ऐकायला मिळे. सोलताना हात चालतात आणि कान रिकामे असतात. जनी नावाची थेरोंड्याची बाई त्या घरी सोलायला यायची. ती म्हणायची, "महादेवभाऊ, वाचा वो जरा पटापट. त्या दिवानाला कवा मारतान ते सांगा, मंग मी घरला जाते."

पण महादेव पटापट वाचणारा नव्हता. त्याची एक खोड होती. तो नेमका जिथे थांबू नये तिथे थांबायचा. पुस्तक मिटायचा आणि म्हणायचा, "पुढचं पुढल्या खेपेला." बायका ओरडायच्या. वहिनी ओरडायच्या नाहीत, कारण त्यांनी त्याला वचन दिलं होतं की त्याच्यामागे एकही ओळ पुढे वाचायची नाही. वाचता येत होतं, पुस्तक घरात होतं, आणि तरी त्या वाचत नसत. नवऱ्याच्या त्या दोन खेपांमधल्या दिवसांना त्यामुळे चव येत असे, असं त्यांनी पुढे एकदा सांगितलं.

सत्तेचाळीस सालच्या चैत्रात तो आला तेव्हा कादंबरी संपत आली होती. दिवाणाची लबाडी उघडी पडली होती. कांचनगौरी संध्याकाळची दाराशी बसली होती. पानाच्या शेवटची ओळ होती: "इतक्यांत द्वाराशीं कोणाचें पाऊल वाजलें, आणि". पान तिथे संपतं. वाक्य पुढच्या पानावर जातं. महादेवाने पान उलटलं नाही. जनीने त्याला सुपारी फेकून मारली. तो हसला आणि पुस्तक मिटून वहिनींच्या हातात देऊन मुंबईला गेला.

आषाढी अवसेला तो येणार होता. त्या दिवशी घरोघरी दिव्यांची पूजा असते. वहिनींनी सकाळीच समया, निरांजनं, कंदील सगळं घासून पाटावर मांडलं होतं. सकाळची बोट मुंबईहून निघाली ती रेवसला पोचलीच नाही. पुढचे कित्येक दिवस आमच्या किनाऱ्याला माणसं लागत होती. बापू, म्हणजे महादेवाचा धाकटा भाऊ, रोज चालत जाऊन पाहून येत असे. कुणाचा भाऊ सापडला, कुणाचा बाप सापडला. महादेव सापडला नाही. पेढीवरच्या माणसांनी कळवलं की तो बोटीवर जायला निघाला होता. चढताना कुणी पाहिलं नव्हतं.

हे एवढंच धरून ते घर बारा वर्षं उभं राहिलं. चढताना कुणी पाहिलं नव्हतं.

वहिनींनी कुंकू पुसलं नाही. अनुसूयाबाई जेवणाच्या वेळी एक पान जास्त मांडायच्या आणि मग ते गाईला घालायच्या. पुढल्या फाल्गुनात सुपारी सोलायला बायका बसल्या तेव्हा वहिनी ते पुस्तक घेऊन ओटीवर आल्या आणि पहिल्यापासून वाचू लागल्या. रोज थोडं थोडं. चैत्र संपता संपता त्या दाराशी वाजलेल्या पावलापर्यंत आल्या, "आणि" म्हणाल्या आणि पुस्तक मिटलं. कुणी ओरडलं नाही. जनीने फक्त सुपलीतल्या सुपाऱ्या उगाच पुन्हा पाखडल्या.

त्यानंतर दरवर्षी तेच झालं. आमच्याकडे पोथी लावली की समाप्ती करतात, नैवेद्य दाखवतात, अर्ध्यावर पोथी ठेवत नाहीत. हे पुस्तक मात्र दरवर्षी लागायचं आणि दरवर्षी अर्ध्यावर राहायचं. सोलणाऱ्या बायकांना ते तोंडपाठ झालं. नव्या सुना आल्या की त्यांना आधी सांगून ठेवत, "वैनी थांबल्या का पुढचा इचारायचा न्हाय."

वहिनींनी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्यांना वाडीत वाचन ऐकू यायचं. टळटळीत दुपारी, वाडीचं शिंपणं आटपून रहाट थांबला की पोफळींच्या सावलीतून महादेवाचा तो खालच्या पट्टीतला आवाज यायचा. शब्द लागायचे. कांचनगौरी, जयध्वज, दिवाण. त्या हातातलं काम टाकून विहिरीच्या कठड्याशी जाऊन उभ्या राहायच्या. आवाज वाचत वाचत त्या पावलापर्यंत यायचा, "आणि" म्हणायचा आणि राहायचा. मग नुसता समुद्र. त्यांना भीती वाटत नसे. त्यांना एवढंच हवं होतं की एकदा त्या आवाजाने पान उलटावं. जिवंत माणूस असो की दुसरं काही असो, पुढचं त्याने वाचावं.

अठ्ठावन्न सालच्या जूनमध्ये आमच्या हायस्कुलात कमळताई नावाच्या बाई अलिबागहून आल्या. मोठ्या हौसेच्या. शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींना थांबवून घ्यायच्या आणि जुन्या कादंबऱ्या वाचून दाखवायच्या, मुलींकडून वाचून घ्यायच्या. म्हणायच्या, "तुमच्या पणज्यांनी देवघरात पोथीखाली लपवून काय वाचलं, ते तुम्हाला ठाऊक नको?" वहिनींच्या पुस्तकाची कीर्ती त्यांच्या कानावर गेली. माघ महिन्यात त्या घरी आल्या.

"वहिनी, महिनाभर द्या. जपून वापरीन. मुलींना असलं पुस्तक बघायला मिळत नाही."

वहिनींना संकोच वाटला, पण बरंही वाटलं. महादेवाने रद्दीतून उचललेलं पुस्तक शाळेत वाचलं जाणार. त्यांनी ते रुमालात बांधून दिलं. पुढे वाचू नका, असं त्यांनी सांगितलं नाही. गावात हे सांगावं लागत नव्हतं. कमळताई गावच्या नव्हत्या, हे वहिनींच्या लक्षात आलं नाही.

त्याच सुमाराला बापूने विषय काढला. अनुसूयाबाई देवळात गेल्या होत्या. तो ओटीच्या पायरीवर बसला, वर आला नाही.

"वहिनी, आषाढात बारा वर्षं होतील."

"हो."

"भटजी म्हणतात, माणसाचा पत्ता नसला तर बारा वर्षांनी करतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग पुढचं सगळं रीतसर. वर्षाचं श्राद्ध, तर्पण." तो पायरीवरची माती नखाने उकरत होता. "दादा नसेल तर बारा वर्षं त्याला कुणी पाणी दिलेलं नाही, वहिनी. मला झोप लागत नाही."

"आणि असेल तर?"

पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर काय करतात, हेही आमच्याकडे ठरलेलं आहे. त्याला नव्याने जन्माला घालावं लागतं. बारसं, मुंज आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न. जनीने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली होती, "मंग आजींना पाळना बांधावा लागल. चाळीस वर्सांचा बाल्या, मिशा आलेला." बायका हसल्या, आणि मग हसल्याबद्दल त्यांनाच कसंतरी झालं.

"आई ऐकणार नाही," बापू म्हणाला. "पण मी तुमच्या शब्दावर आहे. तुम्ही हो म्हटलंत तर करीन. नाही म्हटलंत तर मरेपर्यंत पुन्हा तोंडातून काढणार नाही."

म्हणजे महादेव आहे की नाही, हे आता वहिनींनी ठरवायचं होतं. त्यांनी बापूला आषाढाच्या आधी सांगते, असं सांगितलं.

इकडे शाळेत कमळताईंनी पुस्तक पहिल्यापासून वाचायला घेतलं आणि शेवटापर्यंत वाचलं. वर्गात जनीची मुलगी कोकिळा होती. त्या थांबायच्या पानाशी आल्यावर ती अंग चोरून बसली, पण बाईंना थांबा म्हणायचं धाडस तिला झालं नाही. बाईंनी पान उलटलं. त्या शनिवारी संध्याकाळी कोकिळेने मागच्या पडवीत आईला सगळं सांगितलं.

"आये, दारात पाऊल वाजला ना, तो गोसावी हाय."

"कंचा गोसावी?"

"तोच तो. बारा वरसा तिच्या दारात भिक्षेला येतो न् ती मान खाली घालून तांदूल घालते, तो. तोच जयध्वज. गलबत बुडला, याला साधूंनी वाचवला. यानं गुरूला शबूद दिलता का बारा वरसा नाव सांगनार न्हाय. बारा वरसा भरली, तो दारात आला, न् तिनं वलखला."

जनीच्या हातातली कोयती तशीच राहिली. कारण आमच्या गावात एक बैरागी दरवर्षी येत असे. चौलच्या दत्ताच्या डोंगरावर जाताना चैत्रात चार-आठ दिवस तो कोटात मुक्काम करी. उंच, दाढी वाढलेली, बोलणं जवळजवळ नाहीच. घरोघर जाई, "माई" एवढंच म्हणे. वहिनींच्या दाराशीही येई. वहिनी मान खाली घालून त्याच्या झोळीत तांदूळ घालीत. कधीपासून येतो, हे कुणी मोजलं नव्हतं. आता सगळ्यांनी मोजायला घेतलं, आणि ज्याला त्याला तो बोटीनंतरच्या वर्षापासून येतो असं आठवू लागलं.

गोष्ट कोटभर झाली. घराघरांतून, विहिरीवर, मासळीच्या वाट्यांवर. फक्त त्या एका घरात कुणी ती नेली नाही. वहिनी पाण्याला गेल्या की बायका बोलायच्या थांबायच्या. देवळात गेल्या की कुणीतरी उगाच त्यांचा हात धरायचं आणि सोडून द्यायचं. वहिनींना कळलं. आपल्या पुस्तकाचा शेवट सगळ्या गावाला ठाऊक झाला आहे आणि आपल्याला नाही, हे लोकांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. त्यांनी कुणालाही विचारलं नाही. त्या दिवसांत वाडीतला आवाज त्यांना रोज ऐकू यायला लागला, कधी कधी दोनदा, आणि तो "आणि"पाशी पूर्वीपेक्षा जास्त वेळ रेंगाळायचा.

अनुसूयाबाईंना कुणी सांगितलं, कोण जाणे. म्हाताऱ्या माणसापर्यंत गोष्ट पोचते.

चैत्रात एका दुपारी सुपारी सोलायला बायका ओटीवर बसल्या होत्या. कमळताई पुस्तक परत करायला आल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर कोकिळा होती. पुस्तक वहिनींच्या हातात देऊन बाई काही बोलणार, एवढ्यात अंगणात बैरागी आला. "माई."

सुपाऱ्यांचा आवाज थांबला. सगळ्यांच्या माना वर झाल्या. वहिनींनी पुस्तक झोपाळ्यावर ठेवलं आणि तांदूळ आणायला आत वळल्या, तर अनुसूयाबाई त्यांना ढकलून पुढे गेल्या. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. त्या अंगणात उतरल्या, वाकल्या आणि त्या माणसाच्या पायांवर पाणी ओतू लागल्या.

"ये हो महादेवा. पुरे झालं आता. बारा वर्षं भरली. वर ये."

बैरागी मागे सरला नाही. तो त्या म्हातारीच्या पांढऱ्या डोक्याकडे बघत राहिला. त्याच्या पायांवरची धूळ वाहून गेली आणि खालून भेगा पडलेले, काळे पाय दिसले.

"सासूबाई!" वहिनी म्हणाल्या.

"तू गप्प बैस. तुला काय कळतंय? तुला शेवट ठाऊक नाही. आम्हाला ठाऊक आहे."

मग जनीने झोपाळ्यावरचं पुस्तक उचललं. ती घाबरलेली होती, पण तिला राहवलं नाही. तिने ते बैराग्यापुढे धरलं. "बुवा, जरा उघडा ना. उघडा न् वाचा."

त्याने पुस्तक हातात घेतलं. उलटं घेतलं, सुलटं केलं आणि दोन्ही अंगठ्यांनी उघडलं. कोकिळा त्याच्या बाजूला होती. तिने पान बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

"तोच पान हाय! पावलाचा पान!"

ओटीवर एकदम गलका झाला. कुणी दत्ताचं नाव घेतलं, कुणी रडायला लागलं. अनुसूयाबाई तिथेच ओल्या मातीत बसल्या. कमळताई एवढ्या शिकलेल्या, पण त्यांचंही तोंड पांढरं पडलं होतं.

वहिनी खाली उतरल्या. पदर सारखा केला. बैराग्याच्या हातातून त्यांनी पुस्तक घेतलं, मिटलं आणि जनीला दिलं. "आता तू उघड."

"वैनी, मला न्हाय..."

"उघड म्हणते ना."

जनीने उघडलं. तेच पान.

"मिट. आता कोकिळेकडे दे."

कोकिळेने डोळे मिटून उघडलं. तेच पान.

"कुणीही उघडलं तरी तिथेच उघडतं," वहिनी म्हणाल्या. "बारा वर्षं मी तिथे थांबते. दरवर्षी तिथे उघडं ठेवून बसते. पुस्तकाची पाठ तिथे मोडली आहे."

जमिनीवरून अनुसूयाबाईंचा आवाज आला. तो आता अगदी हळू होता.

"मोडू दे, गोदे. तू त्याला आत घे."

"सासूबाई, हे ते नव्हेत."

"नसू दे! मी काय मागितलं तुझ्याकडे आजवर? मला मुलगा मिळेल. तुला घरात माणूस मिळेल. कोण विचारणार आहे? सगळा गाव म्हणतो आहे तोच आहे." त्या बैराग्याकडे वळल्या. "सांग की रे तिला. बोल की."

बैरागी हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याने एकदा घराकडे पाहिलं, पडवीत रचलेल्या नारळांकडे, पोफळींकडे, त्या ओल्या मातीत बसलेल्या बाईकडे. त्याच्या मनात काय आलं असेल, ते मी लिहू शकत नाही. थकलेला माणूस होता. आणि आम्हा सगळ्यांना तेव्हा, खरं सांगायचं तर, त्याने हो म्हणावं असंच वाटत होतं. मीही सुपारीची पोती बांधायला आलेला, अंगणाच्या कडेला उभा होतो आणि मलाही तेच वाटत होतं.

वहिनी ओटीच्या पायरीवर बसल्या. पुस्तक मांडीवर घेतलं. तेच पान उघडलं. मान खाली घातली आणि वाचायला लागल्या.

"इतक्यांत द्वाराशीं कोणाचें पाऊल वाजलें, आणि"

त्यांनी पान उलटलं. पानाचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला.

त्या पुढचं वाचत गेल्या. गोसावी दारात उभा राहिला. कांचनगौरीने भिक्षा आणली. त्याने झोळी पुढे केली नाही. तिने का म्हणून विचारलं. मग त्याने तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली, गुरूला दिलेलं वचन सांगितलं, तराफ्यावर काढलेल्या रात्री सांगितल्या. नगरात साखर वाटली. दिवाणाला हद्दपार केलं. त्या जुन्या, लांबलचक वाक्यांत वहिनी कुठे अडखळल्या नाहीत. वाचताना त्यांचा आवाज हळूहळू खालच्या पट्टीत गेला, आणि ऐकणाऱ्या बायकांपैकी ज्या जुन्या होत्या, त्यांच्या अंगावर काटा आला. महादेव असंच वाचायचा.

उन्हं पोफळींच्या शेंड्यांवर गेली तेव्हा शेवटची ओळ आली. खाली छापलेलं होतं: "समाप्त". तेही त्यांनी वाचलं.

बैरागी तसाच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, शेवटपर्यंत.

वहिनी उठल्या, आत गेल्या, तांदळाचं सूप भरून आणलं आणि त्याच्या झोळीत ओतलं. दरवर्षी ओंजळभर घालायच्या, या वेळी सूपभर. "बुवा, या आता," त्या म्हणाल्या. तो वळला आणि केवड्याच्या बनाकडच्या वाटेने गेला. अनुसूयाबाईंनी हाक मारली नाही. जनीने त्यांना उचलून ओटीवर आणलं.

संध्याकाळी बापू घरी आला. त्याला सगळं कळलं होतं. वहिनी दिवा लावत होत्या.

"भावोजी, आषाढात करा," त्या म्हणाल्या.

"वहिनी, तुम्हाला कशावरून..."

"त्यांनी मला शेवट वाचू दिला नसता. अंगणात ते असते तर पहिल्याच ओळीला पुस्तक हिसकावून घेतलं असतं. म्हणाले असते, हे माझं. पुढल्या खेपेचं." त्यांनी वात सारखी केली. "मी मुद्दाम सावकाश वाचत होते. शेवटच्या ओळीपर्यंत वाट बघितली. कुणी हिसकावलं नाही."

आषाढातल्या अवसेला पाऊस उघडला नाही. खाडीच्या तोंडाशी छपराखाली भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. बापूने अग्नी दिला. ओल्या पानांनी पेट घ्यायला वेळ लावला आणि धुराने सगळ्यांचे डोळे झोंबले. त्यामुळे कोण कशाने रडत होतं, ते कळलं नाही. अनुसूयाबाई आल्या नव्हत्या. दोन वर्षांनी गेल्या, तोवर जेवणाच्या वेळी ते जास्तीचं पान त्या मांडतच होत्या. वहिनींनी कधी अडवलं नाही.

पुढल्या वर्षी फाल्गुनात वहिनींनी पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. शनिवारी कमळताई शाळेच्या मुलींना घेऊन येऊ लागल्या आणि मग तो दरवर्षीचा रिवाजच झाला. ओटीच्या एका बाजूला सुपारी सोलणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला मुली. एकदा एका मुलीने तोंड वेडंवाकडं केलं, "बाई, असं कुठे असतं का? बारा वर्षं नवरा दारात येतो आणि बायको ओळखत नाही?" कमळताई म्हणाल्या की मागच्या शतकातल्या कादंबऱ्यांत असं चालायचं, तेव्हाच्या वाचकांना ते खरं वाटायचं. बोलता बोलता त्यांनी वहिनींकडे पाहिलं आणि विषय बदलला.

तो बैरागी पुन्हा आला नाही. चौलला चौकशी केली तेव्हा कुणी म्हणालं उत्तरेकडे गेला, कुणी म्हणालं असा कुणी नव्हताच. दुपारचा रहाट थांबला की वहिनी अजून विहिरीशी उभ्या राहतात. अजूनही काही ऐकू येतं का, असं विचारायची माझी छाती झाली नाही.

जनीची झाली, पण तिने विचारलं ते दुसरंच. मागच्या चैत्रात वाचन संपलं, मुली गेल्या, बायका गेल्या. जनी एकटी सुपल्या आवरत होती. आता तीही म्हातारी झाली आहे. मी अंगणात सुपारीची पोती बांधत होतो.

"वैनी, एक इचारू? रागवायचा न्हाय."

"विचार."

"त्या दिवशी तो बुवा येवढा येळ हुबा व्हता. तुमी त्याचा तोंड नीट बघितला व्हता का वो? दाढीच्या आतला?"

वहिनी पुस्तक रुमालात बांधत होत्या. त्यांनी पहिली गाठ मारली, मग दुसरी.

"नाही," त्या म्हणाल्या. "बघितलं असतं, तर माझ्याने पुढचं वाचवलं नसतं."

जनीने सुपल्या एकात एक घातल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि थेरोंड्याच्या वाटेला लागली. वहिनी पुस्तक छातीशी धरून झोपाळ्यापाशी उभ्याच राहिल्या, आणि केवड्याच्या बनाकडून समुद्राचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला.